अकरा दिवसांचं हवामान

क्योतो, ६ जानेवारी २०२५

नेत्रा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ‘मोएरु गोमी’च्या पिशवीत टाकशील, अशी मला धास्ती आहे. जळाऊ कचरा तुमच्याकडे कुठल्या वारी उचलतात कोण जाणे. म्हणून आधीच सांगते, यात रडारड नाही आणि ‘झालं गेलं विसरून जाऊ’ असलंही काही नाही. अभ्यासाचा एक प्रश्न आहे. तेवढा वाच आणि मग खुशाल टाक.

तुझा पत्ता जयमालाकाकूंनी दिला. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला पुण्याला फोन केला, तर तुझी आई नेहमीच्याच सुरात म्हणाली, “अगं, तुम्ही दोघी एकाच देशात, आणि पत्ता माझ्याकडे मागतेस?” मी थाप मारली, की फोन बिघडला, सगळे नंबर गेले. तू त्यांना आपल्या भांडणाचं काहीच सांगितलेलं नाहीस, हे तेव्हा कळलं. बरं वाटलं आणि लाजही वाटली. मुलीचं नाव मैत्रेयी ठेवलंत, हेही त्यांनीच सांगितलं. दीड वर्षाची होत आली ना?

माझं म्हणशील तर प्रबंध डिसेंबरात सादर केला. जाहीर तोंडी परीक्षा १३ फेब्रुवारीला आहे. मोरिता-सेन्सेई मार्चअखेर निवृत्त होतायत, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांनी बजावलंय, की सुरुवात अशी करा की ज्याने आपल्या ब्रिगेडचं नावही ऐकलेलं नाही त्यालाही कळावं. रोज आरशासमोर उभी राहून म्हणते. तुला सगळं तोंडपाठ आहे, तरी आज तुझ्यावर प्रयोग करते. ऐक.

“ऑगस्ट १९१४मध्ये सायलेशियातले विणकर, खाणकामगार आणि शाळामास्तर गोळा करून जर्मन सैन्याने एक राखीव पायदळ ब्रिगेड उभी केली. दोन रेजिमेंट्स, सहा हजार माणसं. ती बेल्जियममधून चालत फ्रान्समध्ये गेली, दोन हिवाळे खंदकांत बसली, १९१६च्या उन्हाळ्यात सोम नदीकाठी निम्मी संपली, १९१७च्या हिवाळ्यात मागे हटली, आणि १९१८च्या डिसेंबरात उरलेले नऊशे जण गवताच्या गाड्यांमागून चालत घरी गेले. ब्रिगेडची रोजनिशी रोज संध्याकाळी दोन प्रतींत लिहिली जाई. आधी हवामान, मग हालचाली, मग जखमी, आणि शेवटी ‘विशेष’. एक प्रत वर मुख्यालयात जाई. त्या सगळ्या प्रती १९४५च्या बाँबहल्ल्यात दप्तरखान्याबरोबर जळाल्या. दुसरी प्रत रोजनिशी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने, लेफ्टनंट ब्रूनो हेल्बिगने, स्वतःजवळ ठेवली. युद्धानंतर तो क्योतोला जर्मन शिकवायला आला, वीस वर्षं राहिला, इथेच वारला, आणि त्याच्या पेट्या आमच्या ग्रंथालयात आल्या. आज जगात ही एवढीच प्रत आहे. ती वाचून मी असं दाखवते, की माघारीच्या वेळी आजूबाजूच्या तुकड्या गावं उद्ध्वस्त करत असताना या ब्रिगेडने शिस्त सोडली नाही.”

दोन मिनिटं दहा सेकंद झाली. जरा लांबतंय.

आता प्रश्न. ७ ते १७ फेब्रुवारी १९१७, या अकरा दिवसांच्या नोंदींबद्दल तू दोन वर्षांपूर्वी काहीतरी म्हणाली होतीस, आणि त्यावरून आपलं वाजलं. तुला नक्की काय दिसलं होतं? मला आता नीटसं आठवत नाही. परीक्षकांनी विचारलंच तर तयारी असावी, म्हणून विचारते. बाकी काही नाही.

उत्तरा

क्योतो, १४ जानेवारी

नेत्रा,

वरचं पत्र लिहून झालं आणि बॅगेतच राहून गेलं. आज सापडलं. फाडत नाही, त्याच पाकिटात हेही घालते. मधल्या आठ दिवसांत माझं धाबं दणाणलंय, आणि ते सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

शुक्रवारी मी ग्रंथालयातून चौथी पेटी काढून घेतली. तू यादी करायला घेतली होतीस आणि अर्धवट राहिली, ती. तुझी हिरवी फुसेन अजून तशीच आहेत, त्या त्या कागदाला चिकटलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या. इथे दुसऱ्याने लावलेली खूण कुणी काढत नाही. त्यातलं एक एका जाड पाकिटाला होतं. पाकिटात हेल्बिगने बहिणीला लिहिलेली आणि कधीच न पाठवलेली पत्रं आहेत. फुसेनवर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘आधी हे.’ दोन वर्षं ते तिथे होतं आणि मी पेटी उघडली नाही.

९ फेब्रुवारीला तो लिहितो: “धुकं इतकं आहे, की घोड्याला पुढचा घोडा दिसत नाही. गाव रिकामं केलं. चालू न शकणाऱ्यांना, न्यायला गाड्या येईपर्यंत, गिरणीत ठेवलंय. त्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आहे.” १२ तारखेला: “सुरुंगवाले म्हणाले, गाड्या आल्या नाहीत तरी थांबता येणार नाही. गाड्या आल्या नाहीत. यादीत त्रेचाळीस नावं होती. आज मी जेवलो नाही.”

आणि रोजनिशीत याच अकरा दिवसांना काय आहे? ‘हवा स्वच्छ, हलका पश्चिम वारा. विशेष काही नाही.’ अकरा वेळा तेच.

मग मी ती पानं पुन्हा काढली. या वेळी शब्द वाचले नाहीत, नुसतं अक्षर बघितलं. सात तारखेचं अक्षर ताठ आणि घट्ट आहे. दहाला ते सैल पडतं, तेराला ओळ उजवीकडे घसरायला लागते, सतराला तर शेवटची अक्षरं नुसती ओढलेली. आणि अठराला एकदम पुन्हा ताठ! रोज संध्याकाळी एकेक नोंद लिहिणाऱ्याचा हात रोज नव्याने सुरुवात करतो, दिवसागणिक असा थकत जात नाही. शनिवारी मी स्वतः बसून त्या अकरा नोंदी एका दमात उतरवल्या. सातव्या नोंदीला मनगट बोलायला लागलं, आणि माझीही ओळ घसरली.

हे सगळं तू पाच मिनिटांत ओळखलं होतंस. पान हातात घेऊन म्हणालीस, “उत्तरा, हे जर्नल आहे. सबमिशनच्या आदल्या दिवशी पूर्ण केलेलं.” आपल्याशिवाय हे कोण ओळखणार? होस्टेलच्या कॉटवर बसून आपण किती जर्नल्स अशी पुरी केली! दर तीन प्रयोगांनी पेन बदलायचं, एखादी खाडाखोड मुद्दाम करायची, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटतं. हेल्बिगनेही चौथ्या आणि आठव्या दिवशी शाई बदललीय. नवव्या दिवशी एक शब्द खोडून पुन्हा तोच लिहिलाय. मेल्याने आपलाच कित्ता गिरवल्यासारखं केलंय.

दमयंतीबाई आठवतात? भूगोलाच्या हवामान-तक्त्यात आपण जुलैचे चार दिवस ‘निरभ्र आकाश’ ठोकून दिलं होतं, आणि नेमकी त्याच चार दिवसांत पावसाने कॉलेजला सुट्टी होती. बाई म्हणाल्या होत्या, “मुलींनो, खोटं लिहायचं तर निदान खिडकीबाहेर तरी बघायचं.” हेल्बिग बहुतेक मार्चमधल्या कुठल्यातरी स्वच्छ दिवशी लिहायला बसला असणार. त्याला बाहेर जे दिसलं ते त्याने अकराही दिवसांना चिकटवलं.

माझी तीन प्रकरणं या ‘विशेष काही नाही’वर उभी आहेत. शिस्तीची ब्रिगेड! परीक्षा महिन्यावर आलीय. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते, व्हिसाही तिच्याबरोबर. मी गप्प बसले तर कुणाला कळायचं नाही, कारण ही जुनी जर्मन लिपी वाचणारी आमच्या इथे तीनच माणसं. एक निवृत्त होतायत, एक मी, आणि एक तू होतीस.

चार दिवस धड जेवलेली नाही गं. काय करू, सांग.

उत्तरा

क्योतो, २७ जानेवारी

नेत्रा,

तुझं उत्तर नाही. साहजिक आहे.

काल मी टोकियोला, तुमच्या हिगाशी-कसाईला येऊन गेले. शिनकान्सेनमध्ये बसेपर्यंत वाटत होतं, की दारात उभी राहून बेल वाजवीन. स्टेशनवर उतरल्यावर मात्र तुमच्या बिल्डिंगकडे न वळता आधी एका भारतीय दुकानात शिरले. तिथे एका बाईंनी मला लगेच पकडलं. “नवीन का तुम्ही? कुठल्या बिल्डिंगमध्ये? मिस्टर कुठल्या कंपनीत?” मी म्हटलं, मी क्योतोहून आलेय, मैत्रिणीकडे. “अय्या, मग मैत्रिणीला सांगून आलात ना? रविवारी इथे कुणी घरात सापडायचं नाही, सगळे पार्कात!” त्यांचंच बरोबर होतं. कोथिंबिरीची जुडी घेऊन मी पार्काकडे गेले आणि तुम्ही तिघं समोरच दिसलात.

स्वानंदच्या डोक्यावरचे केस कमी झालेत. तू तीच निळी शाल घेतली होतीस. मैत्रेयी घसरगुंडीखाली बसून “यादा! यादा!” म्हणून ओरडत होती, आणि तू तिला मराठीत समजावत होतीस, “नको असं म्हण गं, ‘नको’ म्हण.” मी पेयांच्या मशिनमागे उभी होते, हातात कोथिंबीर. वीस पावलं असतील. मी शेपूट घालून परत आले.

मुळात तिथवर का आले होते, ते आज लिहिते. आठवडाभर पानं खरडून फाडतेय. इथपर्यंत वाचलं असशील तर पुढचंही वाच.

तुला वाटतं, की दोन वर्षांपूर्वी विभागातली तुझी साहाय्यकाची नेमणूक सेन्सेईंनी आपणहून थांबवली. त्यांनी तुझ्या बॅगेवरची ती गुलाबी चकती पाहिली, ‘पोटात बाळ आहे’ अशी खूण सांगणारी, आणि काळजीपोटी तुला मोकळं केलं. ट्रेनमध्ये जागा मिळावी म्हणून चकती लावायचा आग्रह स्वानंदचा. त्याच्यावर तू किती चिडलीस, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मी शेजारीच बसले होते आणि चहा पीत होते.

नेत्रा, सेन्सेईंनी चकती पाहिलीच नव्हती. त्यांना मी सांगितलं.

आपण भांडलो त्यानंतर चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. तू त्यांच्याकडे गेली होतीस आणि अकरा दिवसांबद्दल शंका आहे म्हणून सांगितलं होतंस. त्यांनी मला विचारलं, “उत्तरा-सान, यात काही तथ्य आहे?” मला तेवढं ‘पुन्हा बघते’ म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “नेत्रा-सानला जुनी लिपी अजून तितकीशी वाचता येत नाही. आणि सध्या तिचं लक्ष लागत नाही, तिला दिवस गेलेत.” तू तोवर फक्त मला आणि स्वानंदला सांगितलं होतंस. जयमालाकाकूंनाही नाही. तिसरा महिना उलटू दे म्हणाली होतीस.

सेन्सेई बिचारे उठून उभेच राहिले. “मग त्यांना इतका ताण कसा द्यायचा,” म्हणाले. एप्रिलपासून तुझी नेमणूक पुढे चालू ठेवली नाही, आणि निरोपाला फळांची करंडी दिली. तू करंडी घेऊन बसथांब्यावर उभी होतीस. मी खिडकीतून पाहिलं आणि खाली आले नाही.

चौथ्या पेटीबद्दल मागे मी ‘अर्धवट राहिली’ असं लिहिलं. ती राहिली नाही, मी तुझ्या हातातून काढून घेतली.

मी वाईट वागले. यापेक्षा बरा शब्द सापडत नाही.

उत्तरा

क्योतो, ५ फेब्रुवारी

नेत्रा,

काल सेन्सेईंना सांगितलं. पत्रं, धुकं, थकलेला हात, सगळं. पानं त्यांच्यासमोर ओळीने मांडली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे गुरू हेल्बिगचे लाडके विद्यार्थी होते, हे तुला ठाऊक आहे. खोलीत दोघांचा फोटो आहे, चेरीच्या झाडाखाली. सेन्सेईंनी तो उतरवला नाही, पण त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

शेवटी म्हणाले, “त्रेचाळीस नावं. आणि माझे गुरू आम्हाला हेल्बिगचं वाक्य सांगायचे, की रोज लिहावं. थोडं का होईना, पण रोज.”

मग त्यांनी एक कागद पुढे केला. प्रबंधात मोठी चूक आढळली तर परीक्षेआधी समितीला निवेदन द्यावं लागतं. त्यात एक रकाना आहे, ‘शंका प्रथम केव्हा आली आणि कोणाला.’ माझं पेन तिथे अडलं. सेन्सेई हळूच म्हणाले, “उत्तरा-सान, पत्रं तुम्ही जानेवारीत वाचलीत ना? मग जानेवारी. तुम्ही स्वतः. खोटं नाही ते.”

त्याचा अर्थ मला लगेच कळला. जानेवारी लिहिलं, तर ती विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे दाखवलेली चूक ठरते. सहा महिने मुदत मिळेल, शिष्यवृत्ती वाढेल, तीन प्रकरणं नव्याने लिहून पदवी हातात. फेब्रुवारी २०२३ लिहिलं, तर शंका ठाऊक असून दोन वर्षं दाबून ठेवली असं होतं. मग समितीला प्रबंध परत करावाच लागेल. आणि तुझं नाव लिहिलं, तर सेन्सेईंनाही तेव्हाच कळलं होतं हे उघड्यावर येईल, निवृत्तीच्या तोंडावर. ते काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला चहा करून दिला.

कागद सोमवारी, १० तारखेला द्यायचाय. मी रकान्यात पेन्सिलीने ‘जानेवारी २०२५, स्वतः’ असं लिहून ठेवलंय. शाईने अजून गिरवलेलं नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते. आई परवा फोनवर म्हणाली, “डॉक्टर झालीस की गणपतीला एकवीस नारळांचं तोरण.” मी ‘हो’ म्हटलं.

उत्तरा

क्योतो, ७ फेब्रुवारी

नेत्रा,

आज तुझं पाकीट आलं. पोस्टमनने सही मागितली, आणि सही करायच्या आधीच मी पाकीट फाडायला लागले.

आत पत्र असेल म्हणून पाकीट तीनदा झटकलं. नुसतं एक पान निघालं. आपण दोघी मिळून जी वाचनाची वही ठेवायचो, तिच्यातलं. डावीकडे तुझ्या अक्षरात, ‘१७ फेब्रुवारी २०२३. ७ ते १७ च्या नोंदी एका बैठकीत लिहिलेल्या वाटतात. हात थकत गेलाय. हवामानही ताडून पाहायला हवं. पेटी ४. – ने.’ आणि त्याखाली लाल पेनाने, माझ्या अक्षरात, ‘काहीतरीच. वेळ घालवू नकोस. – उ.’

हे मी लिहिलं होतं, हेच मी विसरले होते. खरंच विसरले होते. यावर तू विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही.

पान उलटलं तर मागे पेन्सिलीने तू एकच ओळ लिहिलीयस: ‘६ आणि १४ जानेवारीची पत्रं एका बैठकीतली आहेत.’

हो.

ती दोन्ही मी १४ तारखेला लिहिली. पत्र बॅगेत बिगेत काही राहिलं नव्हतं. शुक्रवारी पेटी उघडली, चार दिवस तळमळले आणि मग लिहायला बसले. सगळं कळून चुकल्यावर लिहितेय असं दिसू नये, कळायच्या आधीच मी तुला मोकळ्या मनाने विचारलं होतं असं वाटावं, म्हणून पहिल्याला आठ दिवस मागची तारीख टाकली. मध्ये पेनही बदललं. आणि वर तुला थकलेल्या हाताचं पुराण सांगत बसले! दुसऱ्या पत्राच्या शेवटी माझी ओळ घसरली असणार. बघितलंसच तू.

हेल्बिगने लपवलं ते भयंकर होतं. मी लपवलं ते एवढंसं. पण खुर्चीत बसून मागच्या तारखा टाकताना त्याचा हात जसा चालला असेल, तसाच माझा चालला. फार सहज चालतो गं.

आणखी एक गोष्ट मला संध्याकाळी लक्षात आली. तू मूळ पान पाठवलंयस, झेरॉक्स नाही. त्या वहीच्या बाकीच्या पानांत याचा उल्लेख कुठेच नाही, आणि सेन्सेई स्वतःहून बोलणार नाहीत. म्हणजे हे पान मी आज गॅसवर धरलं, तर दोन वर्षांपूर्वी तू काही म्हणाली होतीस याला जगात कागद उरत नाही. ते तुलाही कळतं. तरी पाठवलंस.

पान टेबलावर ठेवलंय. त्यावर कप सांडेल म्हणून आज चहासुद्धा केला नाही.

उत्तरा

क्योतो, १४ फेब्रुवारी

नेत्रा,

काल परीक्षा झाली.

सोमवारी निवेदन दिलं. रकान्यातली पेन्सिल खोडली आणि शाईने लिहिलं, ‘१७ फेब्रुवारी २०२३. नेत्रा. मी ती शंका फेटाळली आणि वर कळवताना तिच्याविषयी चुकीची माहिती दिली.’ पानाची प्रत जोडली, माझ्या लाल शेऱ्यासकट. तुझ्या गरोदरपणाचं एक अक्षरही त्यात नाही, कुणी विचारलं तरी सांगणार नव्हते. सेन्सेईंनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता म्हणतील, विचार करा. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या सहीखाली एक ओळ लिहिली, की त्याच महिन्यात ही शंका माझ्याकडेही आली होती आणि मी स्वतः पानं पाहिली नाहीत. मग शिक्का उमटवला. शिक्का वाकडा पडला. इतक्या वर्षांत त्यांचा शिक्का वाकडा पडलेला मी पाहिला नव्हता.

सभागृहात तीसेक माणसं होती. हेल्बिगच्या विद्यार्थ्यांच्या मुलांनी चालवलेल्या मंडळातले दोन म्हातारे पहिल्या रांगेत, सूट घालून. मी पाठ केलेली दोन मिनिटं दहा सेकंद म्हटली, आणि शेवटचं वाक्य आलं तिथे थांबले. म्हटलं, हे वाक्य चूक आहे, का ते आता सांगते. पडद्यावर अकरा नोंदी दाखवल्या, बहिणीला लिहिलेली पत्रं वाचली. त्रेचाळीस नावांची यादी कुठे सापडली नाही, हेही सांगितलं. एक म्हातारे मध्येच उठून गेले. दुसरे शेवटपर्यंत बसले आणि जाताना म्हणाले, “माझ्या वडिलांना त्यांनी गाणी शिकवली होती.” मी नुसती वाकले.

एका परीक्षकांनी विचारलं, की एका बैठकीत लिहिलं हे नेत्रा-सानच्या लक्षात आलं कसं? मग काय करते, आपल्या जर्नल्सचं सांगितलं. पेन बदलणं, मुद्दामची खाडाखोड, दमयंतीबाईंचं निरभ्र आकाश. जपानीत ‘सबमिशनच्या आदल्या दिवशी’ म्हणताना माझी तारांबळ उडाली. मागच्या रांगेतली पोरं हसली. परीक्षक हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं.

तासाभराने निकाल दिला. प्रबंध परत. पुन्हा सादर करायचा तर नव्याने, आणि शिष्यवृत्तीशिवाय. मार्चअखेर मला खोली सोडायचीय. एप्रिलपासून कुठे असेन, माहीत नाही, बहुधा पुण्याला. आईला अजून सांगितलेलं नाही. भीती वाटते. पण आज भूक लागली. सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या.

आता कामाचं. ग्रंथालय त्या चारही पेट्यांतली कागदपत्रं छापणार आहे. हा शोध तुझ्या नावावर नोंदवला गेलाय. तू ते काम करशील का, असं त्यांना विचारायचंय, घरून केलं तरी चालेल म्हणतायत. सेन्सेईंनी तुझा पत्ता मागितला, त्यांना स्वतः तुला लिहायचंय. मी दिला नाही. म्हटलं, तिला विचारल्याशिवाय तिचं काहीही मी कुणाला सांगणार नाही. ते म्हणाले, “हो, तेच योग्य.” त्यांचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. वाटलं तर लिही, नाहीतर राहू दे. स्वानंदला मात्र एकदा सांग, की त्या चकतीचा काही दोष नव्हता.

मूळ पान परत पाठवतेय, रजिस्टर्ड. ते तुझं आहे. माझ्याकडे झेरॉक्स ठेवलीय, लाल शेरा त्यातही स्पष्ट दिसतो.

हे पत्र मी दोन बैठकांत लिहिलंय. ‘आता कामाचं’ इथपर्यंत सकाळी, पुढचं जेवण झाल्यावर. हात बघ, ओळखशील.

आजची नोंद, तुझ्यासाठी.

१४ फेब्रुवारी २०२५. हवामान: सकाळी बारीक बर्फ, दुपारी थांबला, वारा नाही. खिडकीबाहेर बघून लिहिलंय.

विशेष: प्रबंध परत आला. पान वाचलं.

उत्तरा